आधी ब्लॉग, मग स्टेटस : सीमाभागात नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठीत लिहिणाऱ्यांना तोटा नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथली साहित्य संमेलनं भरतात तेव्हा मंडपात आख्खं गाव येऊन बसतं. गल्लीतल्या मंडळाचा इतिहास, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, शिवारातल्या कामांच्या आठवणी, बंद पडलेल्या शाळेविषयीची हळहळ, हे सगळं लिहिलं जातं. पण ते लिहिलं जातं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, आणि दुसऱ्या दिवशी शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडलं जातं. महिन्याभरानं खुद्द लिहिणाऱ्यालाही ते सापडत नाही.

असं लिहिणाऱ्या पण ब्लॉग कधी न केलेल्या माणसासाठी ही वाट लिहून काढतो आहे. मांडणी साधी आहे. जे नीट बसून लिहिलं ते स्वतःच्या ब्लॉगवर ठेवायचं, आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, एक्स (पूर्वीचं ट्विटर) यांवर छोट्या नोंदी टाकून वाचकाला तिथवर आणायचं. स्टेटस ही दवंडी आहे. ती ऐकून माणूस जिथं येतो ती जागा ब्लॉग. नुसता ब्लॉग काढून बसलात तर तो आहे हेच कुणाला कळत नाही. नुसत्या स्टेटसवर राहिलात तर पाच वर्षांनी हातात काही उरत नाही.

हे उगाच म्हणत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींचे व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले. कू नावाचं भारतीय ॲप बेंगळुरूहून आलं, ते सुरुच झालं कन्नडमधून, मग त्यात मराठीही आली; जुलै २०२४ मध्ये त्याचाही गाशा गुंडाळला गेला. या जागांवर जे फक्त तिथंच लिहिलं होतं ते गेलं. ज्यांनी तेच लेखन दुसरीकडं ठेवलं होतं, त्यांची दवंडीची जागा तेवढी बदलली.

पहिली पायरी : पत्ता घ्या, पण लगेच गाजावाजा नको

फुकटात सुरुवात करायला ब्लॉगर किंवा वर्डप्रेस, ब्लॉग काढायच्या या दोन्ही सेवा चालतात. ब्लॉगर २००३ पासून गुगलकडं आहे, जीमेलचं खातं असलं की पुरे, आणि सगळं काम मोबाईलवरून होतं. नव्या माणसाला मी ब्लॉगरच सुचवेन, कारण त्यात बघायच्या आणि बिघडवायच्या गोष्टी कमी आहेत. स्वतःच्या नावाचा विकतचा पत्ता वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतो. तो पहिल्या वर्षी नाही घेतला तरी चालेल. पुढं घेतलात तर ब्लॉगर जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला आपोआप नव्यावर पाठवतो.

ब्लॉगचं नाव ठेवताना गावाचं किंवा विषयाचं ठेवा. 'माझे विचार' किंवा 'मनातलं' नावाचे ब्लॉग मराठीत इतके आहेत की तुमचा त्यातून वेगळा काढता येणार नाही. 'खानापूरच्या रानातून', 'शहापूरच्या विणकर गल्लीतून' असं काही असेल तर नाव वाचूनच माणूस थांबतो.

टाईप कसं करायचं हा प्रश्न आता राहिलेला नाही. मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे, बोलून लिहिण्याची सोयही आहे. मात्र बोलून लिहिताना आपल्याकडची बोली त्याला नीट धरता येत नाही. 'करायलास', 'येतंय की' असं काही बोललं की ते स्वतःच्या मनाचं काहीतरी लिहून मोकळं होतं, तेव्हा एकदा वाचून दुरुस्त करा. बोली काढून टाकू नका, चुका काढा.

जुनं लेखन असेल तर एक अडचण येईल. संमेलनाच्या स्मरणिका, मंडळाचे अंक डीटीपीवाल्याकडं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप झालेले असतात. ती फाईल उघडून मजकूर ब्लॉगवर चिकटवला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हं येतात. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर नीट दिसेल अशा टाईपात, बदलून घ्यावा लागतो. ते करणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि डीटीपीवाल्याला सांगितलंत तर तोही करून देईल. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा तपासा, तिथंच घोटाळे राहतात.

आणि पहिला लेख टाकल्या टाकल्या सगळ्या ग्रुपांवर धाडू नका. आधी तीन लेख तयार करून ठेवा. पहिल्यांदा आलेला वाचक एक वाचून दुसरा शोधतो. दुसरा नसला तर तो परत येत नाही.

दुसरी पायरी : लेखाची लिंक सुधारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नंतर चुटपुटत बसतात. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर त्या लेखाच्या पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एखादा आकडा घालतो. त्यावरून लेख कशाचा आहे ते कुणालाच कळत नाही. वर्डप्रेसमध्ये उलटं होतं. तिथं पत्त्यात देवनागरी शीर्षकच जातं, पण तीच लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की टक्क्याची चिन्हं आणि आकडे यांची चार-पाच ओळींची माळ तयार होते. आपल्याकडं हल्ली बँकेच्या नावानं येणाऱ्या खोट्या लिंकांनी लोक धास्तावलेले आहेत. असली माळ दिसली की काकू, आजोबा, निवृत्त मास्तर, सगळे हात आखडतात, आणि ते बरोबरच करतात.

म्हणून लेख प्रकाशित करण्याआधी, उजवीकडच्या पट्टीत परमालिंक नावाची जागा असते तिथं, इंग्रजी अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः घाला. 'belgaum-ratali', 'yellur-killa' एवढं पुरे, मधे छोटी आडवी रेघ. हे प्रकाशित करण्याआधीच करायचं. एकदा लिंक लोकांकडं गेली आणि मग बदललीत तर जुनी लिंक मोडते.

लिंक आखूड करून देणाऱ्या सेवा वापरू नका. गुगलनं आपली तशी सेवा नव्या लिंकांसाठी २०१९ मध्येच बंद केली. शिवाय आखूड लिंकेवरून ती कुठं नेणार ते दिसत नाही, आणि आपल्याला नेमका तोच विश्वास कमवायचा आहे.

लेखात वर एक चांगला फोटो ठेवा आणि पहिली दोन वाक्यं कामाची लिहा. लिंक चिकटवल्यावर व्हॉट्सॲप आणि फेसबुक शीर्षक, चित्र आणि थोडा मजकूर आपणहून उचलतात. तो चौकोन रिकामा आला तर लोक पुढं सरकतात.

गावाच्या नावाचंही भान ठेवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' आहे, आपल्या तोंडी 'बेळगाव' आहे, आणि शोधणारे दोन्ही लिहितात. लेखात आपल्या सवयीचं नाव वापरा, पण दुसरंही एकदा कुठंतरी येऊ द्या, म्हणजे शोधणाऱ्याला लेख सापडतो.

तिसरी पायरी : एका लेखातून तीन नोंदी

समजा तुम्ही बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावातले आहात आणि रताळ्यावर लेख लिहिला आहे. तांबड्या मातीतली लागवड, वेल कुठून आणतात, काढणी, पोती भरून मार्केट यार्डात नेणं, सगळं बाराशे-पंधराशे शब्दांत आलं आहे. आता त्याची खबर द्यायची.

'माझा नवीन ब्लॉग वाचा, लाईक करा, शेअर करा' ही खबर नव्हे. तिच्यात रताळं कुठंच नाही. वाचणाऱ्याला आत काय आहे ते कळलं पाहिजे, आणि लिंक न उघडताही त्याच्या हातात एक गोष्ट पडली पाहिजे.

व्हॉट्सॲपसाठी असं लिहिता येईल: 'नवरात्राच्या उपवासाला जी रताळी खाता, त्यांचे वेल आमच्या शिवारात पावसाळ्यात लागतात. वेल तोडून आणल्यापासून पोतं मार्केट यार्डात उतरेपर्यंतची सगळी कामं आईला विचारून क्रमानं लिहिली आहेत, काढणीचे फोटोही आहेत. बेळगुंदी-उचगावकडच्या मंडळींनी वाचून काही राहिलं असेल तर सांगावं.' खाली लिंक, त्याखाली तुमचं नाव. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. 'वाचा' म्हटल्यावर जो वाचत नाही तो 'तपासून द्या' म्हटल्यावर हमखास वाचतो.

फेसबुकवर थोडी जास्त जागा घ्या. लेखातला एकच प्रसंग उचला आणि तो तिथंच पुरा सांगा: 'रताळं काढताना कुदळ कुठं मारायची हे आई देठाजवळची माती बघून ठरवते. खाली रताळं भरलं की वरची माती भेगाळते. त्या भेगेपासून वीतभर लांब कुदळ घालायची, नाहीतर रताळं चिरतं, आणि चिरलेलं एक रताळं पोत्यात गेलं की शेजारची नासवतं. म्हणून आमच्याकडं चिरलेली त्याच दिवशी उकडायची.' सोबत आईच्या हाताचा आणि कुदळीचा फोटो. मग 'बाकीची हकीकत इथं' म्हणून लिंक.

एक्सवर तेच दोन वाक्यांत: 'काढणीआधी देठाजवळची माती बघायची. भेग पडली असेल तर खाली रताळं भरलंय.' आणि लिंक.

तीनही ठिकाणी एकच मजकूर चिकटवू नका, कारण माणसं निराळी आहेत. व्हॉट्सॲपवर तुम्हाला ओळखणारे आहेत, त्यांना तुमची हाक कळते. फेसबुकवर पुण्या-मुंबईला, गोव्याला गेलेले आपलेच लोक आहेत; त्यांना आठवण हवी असते, फोटो हवा असतो. एक्सवर बरेचसे अनोळखी, त्यात पत्रकार, अभ्यासक, दुसऱ्या जिल्ह्यातले मराठी वाचक. त्यांना नेमकी माहिती एका दमात हवी असते.

एक्सवर अक्षरांचा हिशेब लागतो. २००६ मध्ये तिथं १४० ची मर्यादा होती, २०१७ मध्ये ती २८० झाली. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याचं चिन्ह, सगळं वेगळं मोजलं जातं. 'ज्ञानेश्वर' डोळ्याला चार अक्षरं दिसतात, तिथं ती दहा भरतात. लिंक कितीही लांब असो, तिचे २३ धरले जातात. म्हणजे लिंकेसह मराठीत तुम्हाला पंचवीस-तीस शब्द मिळतात असं धरून चाला. शब्द तोडून, काने-मात्रे गाळून ते बसवू नका. वाक्य काढून टाका.

इन्स्टाग्रामचं वेगळं आहे. फोटोखालच्या मजकुरात दिलेली लिंक तिथं दाबली तरी उघडत नाही. ती तुमच्या प्रोफाइलवरच्या ओळखीच्या ओळींत (बायोत) ठेवा, किंवा स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा. फोटो चांगले येत नसतील तर इन्स्टाग्राम सरळ सोडून द्या. दोन जागा नीट सांभाळलेल्या बऱ्या.

चौथी पायरी : उलटा रस्ता, नोंदींतून लेख

माझ्या मते सगळ्यात फायद्याची पायरी हीच. छोट्या नोंदी लेखाची खबर देण्यापुरत्या नाहीत, त्या लेखाचं कच्चं टिपणही होऊ शकतात.

दिवाळीचे किल्ले घ्या. बेळगावात सुट्टी लागली की गल्लोगल्ली पोरं किल्ला करायला घेतात, आणि काही ठिकाणी तो अंगणभर असतो. त्यावर 'आमच्या गल्लीचा किल्ला' असा लेख किल्ला पुरा झाल्यावर लिहायला बसलात तर दोन परिच्छेदांत संपतो, कारण मधलं सगळं विसरलेलं असतं. त्याऐवजी पहिल्या दिवसापासून रोज एक स्टेटस टाका, आणि प्रत्येकात एक ठोस गोष्ट असू द्या. माती कुठल्या शेतातून कुणी आणली. राजगड करायचा की प्रतापगड यावरून काय वाद झाला आणि तो कुणी मिटवला. बुरुजाला आत काय भरलं, पोती की दगड. हिरवळीसाठी हळीव पेरलं की मोहरी, आणि किती दिवसांनी उगवलं. मावळे जुने की नवे, त्यातला कुठला वडिलांच्या लहानपणचा. पाऊस आला तेव्हा वर काय पसरलं.

स्टेटस चोवीस तासांनी जातं, म्हणून टाकलेला प्रत्येक मजकूर आणि फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा. स्वतःच्या नंबरावर मेसेज पाठवण्याची सोय आता त्यातच आहे. लोक स्टेटसला उत्तरं देतात तीही तिथंच टाका. कुणीतरी लिहील, 'आमच्या वेळी वेशीवर खरं दार लावलं होतं, अण्णानं सुतारकाम केलं होतं.' हे वाक्य तुमच्या लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद ठरेल. मात्र वापरण्याआधी त्यांना विचारा आणि नाव घालायचं की नाही तेही विचारा. स्टेटसला दिलेलं उत्तर हे तुम्हाला एकट्याला दिलेलं असतं.

भाऊबीज झाली की ही सगळी टिपणं समोर घेऊन बसा. ती जशीच्या तशी एकाखाली एक चिकटवली की लेख होत नाही. एक धागा निवडा. वाद आणि तो मिटणं हा धागा घेतलात तर हळिवाची गंमत थोडक्यात येईल. वडिलांच्या मावळ्यांचा घेतलात तर वाद एका वाक्यात जाईल. उरलेलं पुढच्या दिवाळीला कामी येतं.

हीच रीत वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला लागू पडते, गावच्या जत्रेला, संमेलनाच्या दिवसालाही. संमेलनात तर हे फारच उपयोगी आहे. वक्ता बोलत असताना मुद्द्याचं एक वाक्य आणि सत्राचं नाव एवढंच टाकत जा. संध्याकाळी घरी येऊन वृत्तांत लिहाल तेव्हा क्रम आणि शब्द दोन्ही हाताशी असतात.

मुलांचे फोटो टाकताना घरच्यांना विचारा. किल्ल्याचा फोटो घेताना पोरांचे चेहरे न येतील असा घेतला तरी काही बिघडत नाही.

पाचवी पायरी : प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या मजकुरावर तो मुळात कधी लिहिला ते दिसत नाही. आपल्या भागात याचा त्रास दर पावसाळ्यात होतो. निपाणी-चिकोडीकडं कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा फुगल्या की बुटके पूल पाण्याखाली जातात. 'पूल बंद, कोणी येऊ नका' एवढाच मेसेज निघतो, आणि पाणी ओसरल्यावरही तो फिरतच राहतो. दवाखान्याला निघालेला माणूस त्यावरून लांबचा वळसा घेतो.

म्हणून अशी नोंद करताना दिवस, वाजले किती, कुठला पूल, आणि स्वतः पाहिलं की कुणाकडून कळलं, हे चारही नोंदीच्या आतच लिहा: 'मंगळवार, सकाळी साडेसात. अमुक पुलावर गुडघाभर पाणी, स्वतः उभा आहे. पोलिसांनी दोरी लावली आहे.' पाणी उतरलं की तेही त्याच तपशिलानं कळवा. ही माहिती ब्लॉगवर ठेवायची गरज नाही. पण पावसाळा संपल्यावर, कुठला पूल किती वेळा बंद झाला आणि गावानं काय केलं, हे तुमच्या नोंदींवरून एका लेखात लिहा. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीत तोंडी तक्रार करण्यापेक्षा तो छापून नेलेला बरा.

एसटीच्या बाबतीतही हेच. सीमेवर वातावरण तापलं की दोन राज्यांमधल्या बसगाड्या अधूनमधून थांबतात. ऐकीव बातमी फॉरवर्ड करू नका. स्टँडवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक ओळही टाकू नका, कारण त्या ओळीवर कुणाची तरी परीक्षा, कुणाचं लग्न अवलंबून असतं.

सीमाप्रश्नाविषयी सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते हे. त्यावर लिहा, जरूर लिहा, पण स्टेटसवर नको. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, आणि या साऱ्यात मराठी शाळेत शिकणाऱ्या, मराठीत सातबारा मागणाऱ्या माणसाचं रोजचं जगणं, हे २८० अक्षरांत कसं मावेल? मावतो तो फक्त राग. १ नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर कुणी काळा दिवस पाळतो, कुणी राज्योत्सव साजरा करतो. त्या दिवशी टाकलेल्या रागाच्या एका ओळीचा स्क्रीनशॉट निघतो, मागचापुढचा संदर्भ गळतो, आणि उत्तरं द्यावी लागतात ती घरच्यांना.

आधी ब्लॉगवर पुरा लेख लिहा, तारखा आणि कागदांसकट. दोन दिवस तसाच मसुद्यात ठेवा, मग पुन्हा वाचा. त्यानंतर छोट्या नोंदीत फक्त लेख कशाविषयी आहे एवढंच सांगा: 'आमच्या गावच्या मराठी शाळेचे वर्ग कसे कमी होत गेले, पटाच्या आकड्यांसह.' ज्याला वाद घालायचा आहे त्याला मग आकड्यांशी वाद घालावा लागतो. आपली बाजू धरून राहण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

सहावी पायरी : कुणाला, किती वेळा

प्रत्येक ग्रुपवर प्रत्येक लेख टाकणं थांबवा. माहेरच्या भावकीच्या ग्रुपवर रताळी चालतील, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर किल्ला चालेल. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर कविता टाकलीत की तिथला तुमचा पुढचा कामाचा लेखही कुणी उघडणार नाही.

ज्यांना खरंच वाचायचं आहे त्यांची एक ब्रॉडकास्ट यादी करा. तिच्यात २५६ जणांपर्यंत घेता येतात, आणि मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र जातो. मात्र ज्यांनी तुमचा नंबर मोबाईलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो. आधी त्यांना तसं सांगा. वाचक वाढले तर व्हॉट्सॲपचा चॅनेल काढा, भारतात ती सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे. चॅनेलवर एका वाचकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. बायकांना ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि ग्रुपमध्ये यायला कचरणाऱ्या कितीतरी जणी चॅनेलवर बिनधास्त येतात.

आठवड्याला एक लेख आणि त्याची खबर देणाऱ्या एकेका जागी दोन नोंदी पुष्कळ झाल्या. एक नोंद लेख आला त्या दिवशी, दुसरी चार दिवसांनी, त्यातलाच वेगळा तुकडा घेऊन. जुने लेखही ऋतू पाहून परत काढा. रताळ्याचा लेख दर नवरात्राला आणि महाशिवरात्रीला पुन्हा ताजा होतो. ही सोय फक्त ब्लॉग असलेल्यालाच मिळते.

नाव पुसण्याचं दुखणं मात्र राहतं. आख्खा लेख व्हॉट्सॲपवर चिकटवलात की दोन दिवसांत तो 'लेखक अज्ञात' होऊन तुमच्याकडंच परत येतो. म्हणून पुरा लेख कधीच तिथं टाकायचा नाही. आणि ब्लॉगवरच्या मजकुरात, मध्यात कुठंतरी, गाव आणि स्वतःचा संदर्भ वाक्याच्या ओघात येऊ द्या: 'आमच्या गल्लीत', 'माझ्या आजोळी, जांबोटीला'. नाव खालून कापता येतं, असं वाक्य काढायचं तर लेख मोडावा लागतो.

शेजारच्या कन्नड वाचकालाही विसरू नका. घराला घर लागून राहणाऱ्या माणसाला तुमची रताळी आणि तुमचा किल्ला तुमच्याइतकाच ओळखीचा आहे. लेख मराठीतच ठेवा, पण खबर देताना खाली दोन ओळी कन्नडमध्ये लिहा आणि टाकण्याआधी एखाद्या कन्नड मित्राला दाखवून घ्या. यंत्रानं केलेलं भाषांतर तसंच टाकू नका. चूक लगेच दिसते.

सातवी पायरी : उत्तरं ब्लॉगवर आणा

लेखावरच्या खऱ्या गप्पा ब्लॉगखाली होत नाहीत, व्हॉट्सॲपवर होतात. 'अण्णा, आमच्याकडं वेल आषाढातच लावतात', 'तो पूल तुम्ही लिहिलाय त्याच्या आधीचा आहे', अशी उत्तरं येतील. त्यांना तिथं अंगठा दाखवून सोडून देऊ नका. माहिती तपासा, लेखात सुधारणा करा, आणि खाली ता. क. म्हणून तारखेसकट लिहा की काय बदललं आणि कुणी सांगितलं, अर्थात त्यांची हरकत नसेल तर. मग त्या माणसाला लिंक पाठवून कळवा. तो तुमचा लेख स्वतःहून आणखी दहा जणांना दाखवेल, कारण आता तो त्याचाही आहे. बिदर-भालकीकडचा किंवा चंदगडचा कुणी वेगळीच रीत सांगू लागला तर त्यालाच लिहायला सांगा आणि तुमच्या ब्लॉगवर त्याच्या नावानं छापा.

शिवीगाळ आली तर उत्तर देऊ नका. ब्लॉगखाली येणारे प्रतिसाद तुम्ही मंजूर केल्यावरच दिसतील अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्या दिवशीच लावून ठेवा.

शेवटची पायरी : प्रत ठेवा

ब्लॉगही एका कंपनीच्या जागेवरच आहे, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी त्याची प्रत काढा. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये खालच्या बाजूला बॅकअपचं बटण आहे; ते दाबलं की सगळे लेख एका फाईलमध्ये उतरतात. ती फाईल मेलवर स्वतःला पाठवा आणि एका पेनड्राईव्हवर ठेवा. त्या फाईलमध्ये लेखांचा मजकूर असतो. फोटोंसाठी वेगळं फोल्डर करा आणि नावात साल आणि गाव घाला. फेसबुक आणि एक्सवरूनही तुमची सगळी माहिती उतरवून घेता येते, सेटिंगमध्ये तसा पर्याय आहे. मागणी केल्यावर फाईल तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून रात्री मागवून ठेवा.

वर्षातून एकदा निवडक लेख छापून बांधून घ्या आणि गावच्या वाचनालयात एक प्रत द्या. घरात मोबाईल न वापरणारी आजी असेल तर दुसरी प्रत तिच्यासाठी, थोड्या मोठ्या अक्षरात.